सभेत पेशंटचा विषय निघतो का?

माणिकपुरात सोसायटीची वार्षिक सभा कशी होते, हे तुम्हाला सांगायला नको. लिफ्टच्या देखभालीचं कंत्राट कुणाला दिलं, टँकर किती आले, सिंकिंग फंडाची ठेव कुठल्या बँकेत आहे, गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला तीन कोटेशनं मागवली होती की नाही? एरवी जिन्यात भेटल्यावर नुसती मान हलवणारी माणसं त्या दिवशी अहवालाची पानं उलटून सेक्रेटरीला घाम फोडतात. वसईला ही सवय जुनीच आहे. इथली बॅसीन कॅथॉलिक सहकारी बँक १९१८ सालची. सभासद म्हणून सभेला जायचं, ताळेबंद वाचायचा आणि खटकलं तर उभं राहून विचारायचं, हे इथल्या लोकांना कुणी शिकवावं लागत नाही.

आता मला सांगा, सरकारी रुग्णालयावर देखरेख करायला एक समिती असते, तिचं नाव तुम्ही शेवटचं कधी ऐकलं? तिच्यावर कोण आहे? तिची सभा कधी झाली, त्यात काय ठरलं? मी हे ओळखीच्या लोकांना विचारत असतो. बहुतेकांना अशी समिती असते हेच माहीत नसतं. ज्यांना माहीत असतं, त्यांच्या मते ती पुढाऱ्यांची सोय असते.

समितीचं नाव रुग्ण कल्याण समिती. प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, जिल्हा रुग्णालय, प्रत्येकाला ती असते. तुम्ही म्हणाल, आम्ही तर महापालिकेत राहतो, ग्रामीण रुग्णालयाशी आमचा काय संबंध? संबंध आहे. नवघर-माणिकपूर नगरपरिषद २००९ मध्ये वसई-विरार महापालिकेत विलीन झाली आणि आपण कागदोपत्री शहरवासी झालो. पण महामार्ग ओलांडून पूर्वेला गेलात की पारोळ, भाताणे इथे आजही प्राथमिक आरोग्य केंद्रावरच गावांची भिस्त आहे. तुमच्या घरी कामाला येणाऱ्या ताईंची सून बाळंतपणाला कुठे जाते, ते एकदा विचारून बघा. शिवाय माणिकपुरातल्या बऱ्याच घरांचं 'गाव' दुसरीकडे आहे. कुणाचं वाड्याला, कुणाचं कोकणात, कुणाचं घाटावर. आई-वडील तिथे, आणि रात्री छातीत कळ आली तर जवळचं रुग्णालय तीस खाटांचं. त्यामुळे हे आवाहन जितकं वसईतल्या वाचकाला, तितकंच त्याच्या गावाकडच्या घरालाही आहे.

ही समिती आली कुठून, तेही थोडक्यात सांगतो. १९९४ साली सुरतला प्लेगची साथ आली. त्या सुमारास इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयात उंदीर आणि घाण यांनी कहर केला होता. जिल्हा प्रशासनाने रुग्णालय रिकामं करून साफ केलं, पण साफ झालेलं साफ राहावं कसं? त्यासाठी स्थानिक लोक, अधिकारी आणि डॉक्टर यांची समिती काढली, तिला थोडे पैसे जमवायची आणि जागच्या जागी खर्च करायची मुभा दिली. मध्य प्रदेशभर तो प्रयोग पसरला आणि २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं तेव्हा देशभर लागू झाला. कागदावर ही नोंदणीकृत संस्था असते. नियामक मंडळ असतं, त्यात लोकप्रतिनिधी, अधिकारी आणि नागरिकांतले काही सदस्य असतात. रोजचं काम कार्यकारी समिती बघते. रुग्णालयाचे वैद्यकीय अधीक्षक किंवा आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी सचिव असतात. अभियानाच्या निकषांप्रमाणे प्राथमिक आरोग्य केंद्राला वर्षाला कमाल पावणेदोन लाख आणि ग्रामीण रुग्णालयाला पाच लाखांपर्यंत अबंधित निधी मिळू शकतो. अबंधित म्हणजे वरच्या मंजुरीची वाट न बघता स्थानिक गरजेवर खर्च करता येणारा. रक्कम डोळे दिपवणारी नाही, पण बंद पडलेला फ्रिज दुरुस्त करायला मंत्रालयाची वाट बघावी लागू नये इतकी नक्कीच आहे.

खरी मेख इथेच आहे. समितीला पैसे दिले, त्यामुळे समिती पैशांचीच झाली.

अशा समितीचं इतिवृत्त कधी हाती आलं तर वाचा, भाषा ओळखीची वाटेल. 'विषय क्र. १: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. विषय क्र. २: झालेल्या खर्चास कार्योत्तर मंजुरी देणे.' पुढे पंखे, रंगरंगोटी, बोअरवेलचा पंप, झेरॉक्सचं बिल, सफाई कंत्राटदाराचं देयक. शेवटी 'मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय', आणि आभार. या सगळ्यात आजारी माणूस कुठे आला? गेल्या तीन महिन्यांत किती बाळंतिणींना रक्तस्राव झाला, किती जणांना पुढे पाठवावं लागलं, कुणाला चुकीचं इंजेक्शन देता देता सिस्टरने थांबवलं, ऑपरेशननंतर किती टाके पिकले, यातलं एक अक्षर नसतं. निघालाच तर तो ऐनवेळचा विषय, तोही गावातल्या कुणी आरडाओरडा केला असेल तर.

मला सांगायचंय ते एवढंच. रुग्णालयावर देखरेख करणाऱ्या कुठल्याही मंडळाचा पहिला विषय पैसा नसावा. गेल्या सभेनंतर कोणत्या रुग्णाला इथे इजा झाली किंवा होता होता टळली, हा असावा. आणि तो आपोआप पहिला येणार नाही. बाहेरून कुणीतरी विचारल्याशिवाय तर नाहीच.

हे फक्त आपल्याकडचं रडगाणं आहे असं समजू नका. इंग्लंडमध्ये स्टॅफर्ड नावाच्या गावी सरकारी रुग्णालय होतं. २००५ ते २००९ या काळात तिथल्या वॉर्डांत माणसांचे अतोनात हाल झाले. म्हातारी माणसं तासन्‌तास ओल्या अंथरुणात पडून, जेवण हाताला लागणार नाही असं ठेवलेलं, तहानेने फुलदाणीतलं पाणी प्यायल्याच्याही तक्रारी. या रुग्णालयाला संचालक मंडळ होतं, सुशिक्षित होतं, नियमित भरतही होतं. मग त्यांना हे दिसलं कसं नाही? कारण मंडळाचं सगळं लक्ष जमाखर्चावर आणि वरचा दर्जा मिळवण्यावर होतं. तो दर्जा त्यांना २००८ मध्ये मिळालाही! आईला तिथे गमावलेल्या एका बाईने आसपासच्या कुटुंबांना गोळा केलं, पाठपुरावा केला, तेव्हा चौकशी लागली. रॉबर्ट फ्रान्सिस यांच्या चौकशीचा अहवाल फेब्रुवारी २०१३ मध्ये आला, त्यात २९० शिफारशी होत्या. पैशाची चणचण नसलेल्या देशात हे झालं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की उपचार घेणाऱ्या साधारण दहांपैकी एका रुग्णाला उपचारांतच काही ना काही इजा होते आणि त्यातली निम्मी टाळता येण्यासारखी असते. तेव्हा 'आमच्या रुग्णालयात असं काही घडलं नाही' असं कुठली समिती म्हणत असेल, तर तिथे काही घडत नाही असा अर्थ काढू नका. तिथे कुणी मोजत नाही, एवढाच अर्थ काढा.

आपल्या जवळचं बघू. २०२१ हे वर्ष महाराष्ट्राने विसरू नये. ९ जानेवारीच्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली, दहा बाळं गेली. २१ एप्रिलला नाशिक महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली आणि श्वासावर झुंजणारे वीसहून जास्त रुग्ण गेले. दोनच दिवसांनी, २३ एप्रिलच्या पहाटे, आपल्या विरारला विजय वल्लभ रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागली. तेरा रुग्ण तिथेच गेले, पुढे आकडा वाढला. नोव्हेंबरात अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात पुन्हा आग, पुन्हा अतिदक्षता विभाग, पुन्हा दहाहून जास्त बळी. एक जिल्ह्याचं, एक महापालिकेचं, एक खासगी, एक पुन्हा जिल्ह्याचं. भंडाऱ्याच्या आगीनंतर बातम्या आल्या की तिथला अग्निसुरक्षेचा प्रस्ताव मंजुरीवाचून अडकला होता. समजा तो प्रस्ताव अडकला आहे हे प्रत्येक सभेत कुणी मोठ्याने वाचून दाखवलं असतं, इतिवृत्तात लिहून घेतलं असतं, आणि ते इतिवृत्त गावात कुणी वाचलं असतं तर? आग टळलीच असती असं मी म्हणत नाही. निदान माहीत नव्हतं असं म्हणायला कुणाला जागा उरली नसती.

आगीच्या बाबतीत सामान्य माणसाला विचारता येईल असा प्रश्न अगदी सोपा आहे. महाराष्ट्रात अग्निप्रतिबंधाचा २००६ चा कायदा आहे. त्याप्रमाणे इमारतीतली अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक संस्थेचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यावं लागतं. त्याला 'फॉर्म बी' म्हणतात. तुमची इमारत उंच असेल तर तुमच्या सेक्रेटरीला हा शब्द चांगला पाठ असेल. तोच फॉर्म रुग्णालयाचा कुठे आहे? एवढंच विचारायचं. आणि पेशंटला भेटायला गेलात की कॉरिडॉरमधल्या लाल सिलिंडरजवळ थोडं थांबा. त्याच्यावर छोटा गोल काटा असतो, तो हिरव्या पट्ट्यात आहे का बघा. गळ्यात अडकवलेल्या चिठ्ठीवर पुढच्या भरणीची तारीख असते, ती उलटून गेलीय का बघा. जिन्याचं दार खाटा आणि मोडक्या कपाटांनी अडवलेलं नाही ना, तेही. यासाठी एमबीबीएस व्हावं लागत नाही.

प्रसूतिगृहातला फ्रिज ही दुसरी बघण्यासारखी वस्तू. बाळंतपणानंतर रक्त जायला लागलं तर गर्भाशय आकुंचन पावावं म्हणून ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन देतात. ते दोन ते आठ अंश तापमानात ठेवावं लागतं. मे महिन्यात पालघरकडे काय उकडतं ते तुम्हाला माहीत आहे, वीज कशी जाते तेही. तापमान न सांभाळलेलं ऑक्सिटोसिन दिसायला तसंच दिसतं. सिस्टर ते वेळेवर देते, कागदावर नोंद होते, पण त्याचा जोर कमी झालेला असतो. रक्त थांबत नाही. मग धावाधाव, ॲम्ब्युलन्स, 'पुढे घेऊन जा'. नंतर सगळे म्हणतात, बाईला रक्त कमी होतं. असेलही. पण त्या फ्रिजच्या दारावर तापमानाचा तक्ता लावलेला आहे का, सकाळ-संध्याकाळ कुणी तापमान लिहितं का, की महिनाअखेरीस एकाच पेनाने सगळे रकाने भरले जातात? समितीच्या सदस्याने सभेच्या आधी दहा मिनिटं प्रसूतिगृहात जाऊन हा तक्ता बघितला तर त्याला त्या रुग्णालयाबद्दल जितकं कळेल, तितकं वर्षभराच्या बिलांच्या फायलीतून कळणार नाही. आणि फ्रिज नादुरुस्त असेल तर अबंधित निधी आणखी कशासाठी असतो?

पालघर जिल्ह्यात आणखी एक प्रश्न विचारायलाच हवा, तो म्हणजे पुढे पाठवलेल्या रुग्णांचा. १ ऑगस्ट २०१४ ला जिल्हा ठाण्यापासून वेगळा झाला, पण वाटा जुन्याच राहिल्या. मोखाडा, जव्हारकडचा पेशंट नाशिकला, डहाणू-तलासरीकडचा सिल्वासाला किंवा वलसाडला, आणि आपल्या बाजूचा ठाणे-मुंबईला, अशीच वाट लोकांच्या अंगवळणी पडली आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये डहाणू तालुक्यातल्या एका गरोदर महिलेला सिल्वासाला नेताना वाटेतच मृत्यू आला. ॲम्ब्युलन्समध्ये ऑक्सिजन आणि डॉक्टर नव्हते, असं घरच्यांचं म्हणणं होतं. बातमी आली, हळहळ झाली, विषय मागे पडला. प्रत्येक रुग्णालयात रेफरलचं रजिस्टर असतं. कोण, किती वाजता, कशासाठी, कुठे पाठवलं ते त्यात लिहिलेलं असतं. त्यापुढचा रकाना, म्हणजे तो माणूस पोचला का आणि वाचला का, बऱ्याचदा रिकामा राहतो. समितीने दर सभेला हे रजिस्टर मागवावं. गेल्या तिमाहीत किती पाठवले, त्यातले किती भूलतज्ज्ञ नाही म्हणून, किती रक्त नाही म्हणून, किती नुसतेच 'नको ती कटकट' म्हणून? ॲम्ब्युलन्स बोलावल्यापासून निघेपर्यंत किती वेळ गेला? भूलतज्ज्ञाची रिकामी जागा समिती भरू शकत नाही, मान्य. पण त्या रिकाम्या जागेपायी या तिमाहीत इतक्या बायकांना साठ-सत्तर किलोमीटर न्यावं लागलं, असा ठराव करून जिल्हा शल्यचिकित्सकांकडे आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवू तर शकते. आकड्यासकट आलेला ठराव फायलीत दाबून ठेवणं, नुसत्या तक्रारीपेक्षा अवघड जातं.

सरकारकडे मोजमापाची साधनं नाहीत असं नाही, उलट आहेत. २०१३ पासून राष्ट्रीय गुणवत्ता मानकं आहेत, त्यांना कर्मचारी 'एनक्यूएएस' म्हणतात. २०१५ पासून स्वच्छतेची 'कायाकल्प' स्पर्धा आहे. २०१७ मध्ये प्रसूतिगृहांसाठी 'लक्ष्य' कार्यक्रम आला. तपासनीस येतात, गुण देतात, ठरावीक गुण मिळाले की प्रमाणपत्र, बक्षीस. चांगलं आहे, माझी तक्रार नाही. फक्त एक सांगतो. तपासणीच्या आठवड्यात रुग्णालयाला जो रंग चढतो, तो आपल्याला शाळेतल्या इन्स्पेक्शनपासून ओळखीचा आहे. तेव्हा दारावर चिकटवलेलं प्रमाणपत्र बघून खूश होऊ नका. गुण किती मिळाले हे विचारण्यापेक्षा गुण कुठे कापले गेले आणि त्यातलं नंतर काय दुरुस्त झालं, ते विचारा. कापलेल्या गुणांची यादी रुग्णालयाकडे असते. तीच समितीच्या पुढच्या सभेची विषयपत्रिका व्हायला काय हरकत आहे?

समितीवर जे आहेत त्यांनाही दोन शब्द. तुमच्यातले बरेच जण रुग्णालयात जातात ते साहेबांच्या वाढदिवसाच्या फळवाटपाला. सफरचंदं वाटा, फोटो काढा, माझं काही म्हणणं नाही. पण एकदा रात्री दहाला जा, फोटोग्राफर न नेता. ड्युटीवर किती सिस्टर आहेत मोजा. एका सिस्टरवर दोन वॉर्ड आहेत का? जनरेटर शेवटचा कधी चालवून बघितला? हात धुवायच्या नळाला पाणी आहे का, साबण आहे का? सुया कापून टाकायच्या डब्यात टाकल्यात की पिवळ्या पिशवीत कोंबल्यात? मग बाकड्यावर बसलेल्या नातेवाइकांशी बोला. औषध बाहेरून आणायला चिठ्ठी दिली का, पैसे मागितले का? १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत, तरी हा प्रश्न शिल्लक आहे. हे काही मी मनाने काढलेलं नाही. अभियानाच्या सुरुवातीच्या मार्गदर्शक सूचनांतच समितीने देखरेख गट नेमावा, त्याने वॉर्डांत जाऊन रुग्णांचं म्हणणं ऐकावं आणि महिन्याला अहवाल द्यावा, असं लिहिलं आहे. तक्रारपेटीसुद्धा बघा. पेटीला कुलूप असतंच. किल्ली कुणाकडे आहे आणि शेवटची कधी उघडली, हे विचारल्यावर समोरच्याचा चेहरा कसा होतो, त्यावरून पुष्कळ कळतं.

विचारायचं कसं, याला मात्र महत्त्व आहे. कॅज्युअल्टीत डॉक्टरची कॉलर धरणारी माणसं आणि सभेला कधीही न फिरकणारी माणसं बहुधा एकच असतात. ग्रामीण रुग्णालयातला डॉक्टर सलग चोवीस तास ड्युटी करून उभा असतो, त्याच्यावर धावून जाऊन काहीही सुधारत नाही. सुधारत तर नाहीच, पुढची चूक लपवली जाते. चूक सांगितली तर आपणच लटकणार, हे एकदा कर्मचाऱ्यांच्या मनात बसलं की कुठल्याच रजिस्टरमध्ये खरं काही उतरत नाही. म्हणून 'कुणी केलं?' हा प्रश्न समितीच्या सभेत नको. 'काय झालं, आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय बदललं?' हा हवा. सारखी दिसणारी दोन इंजेक्शनं एकाच ट्रेमध्ये शेजारी ठेवलेली असतील तर आज एका सिस्टरच्या हातून गफलत होईल, तिची बदली केलीत तर उद्या दुसरीच्या हातून. ट्रे बदला. निष्काळजीपणाने किंवा पैशाच्या लोभाने घडलेल्या गोष्टींसाठी चौकशी आहे, ग्राहक आयोग आहे, पोलीस आहेत. ते रस्ते बंद करा असं मी सांगत नाहीये, ते वेगळे ठेवा.

आणि रुग्णांची नावं मागू नका. आकडे मागा, कारणं मागा. दुसऱ्याच्या घरचा आजार हा आपल्या चर्चेचा विषय नाही.

असं सगळं कुठे झालंय का, असं विचाराल. झालंय, आणि आपल्याच भागात. महाराष्ट्रात २००७ पासून आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेखीचा प्रकल्प सुरू झाला. पुण्याची 'साथी' ही संस्था राज्यभर समन्वय करत होती, आणि सुरुवातीच्या पाच जिल्ह्यांत आपला तेव्हाचा ठाणे जिल्हा होता. गावातल्या लोकांनी आरोग्य केंद्राचं प्रगतिपुस्तक भरायचं, चांगल्याला हिरवा रंग, मधल्याला पिवळा, वाईटाला लाल. मग जनसुनवाई. मंडपात एका बाजूला गावकरी, दुसऱ्या बाजूला अधिकारी, आणि आदिवासी पाड्यावरची बाई माइक हातात घेऊन सांगणार की नर्सताई महिनाभर आल्या नाहीत. अधिकाऱ्यांना तिथल्या तिथे उत्तर द्यावं लागे. जनसुनवाईनंतर काही ठिकाणी औषधं यायला लागली, बाहेरच्या चिठ्ठ्या कमी झाल्या. सगळीकडे झालं असं नाही, आणि जिथे संघटना मुरलेली होती तिथेच ते टिकलं. पण शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाया जर आरोग्य केंद्राला गुण देऊ शकल्या, तर पदवीधरांनी भरलेल्या आपल्या माणिकपुराने कुठलं कारण सांगायचं?

महापालिकेच्या रुग्णालयांचं गणित थोडं वेगळं आहे. वसईचं सर डी. एम. पेटिट रुग्णालय महापालिका चालवते. तिथे जाब विचारायची जागा म्हणजे आयुक्त, वैद्यकीय आरोग्य अधिकारी आणि तुमचा नगरसेवक. जून २०२० मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढे कित्येक वर्षं प्रशासकच कारभार पाहत होते, म्हणजे विचारणारं सभागृहच नव्हतं. मत मागायला दारात येणाऱ्याला गटार आणि पाणी याबरोबर 'रुग्णालयाचा फॉर्म बी कुठाय?' हेही विचारायची सवय लावून घ्या. खासगी रुग्णालयांना २०२१ च्या सुधारित शुश्रूषागृह नियमांप्रमाणे रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावावं लागतं. रुग्णालय कुणाचंही असो, आपल्या उपचारांची कागदपत्रं मागितल्यावर ७२ तासांत मिळाली पाहिजेत, हा डॉक्टरांच्या आचारसंहितेतला नियम आहे. तो तोंडपाठ असू द्या.

आता कामाचं. आधी समितीच्या सदस्यांची नावं शोधा. रुग्णालयाच्या फलकावर लावलेली असायला हवीत, नसतील तर तीच पहिली मागणी. ओळखीचं कुणी निघालं तर उत्तम, चहाला बोलवा. एकटे जाऊ नका, तीन-चार जण जा. त्यात एक बाई हवीच, कारण प्रसूतिगृहाबद्दल पुरुषांनी विचारलेल्या प्रश्नांना अर्धवट उत्तरं मिळतात. निवृत्त सिस्टर किंवा कंपाउंडर आपल्या आळीत असतील तर त्यांना हात जोडून बरोबर घ्या, एका नजरेत त्यांना जे दिसेल ते आपल्याला दहा फेऱ्यांत दिसणार नाही. महापालिका आणि जिल्हास्तरीय कार्यालयांतल्या फायली सोमवारी दुपारी तीन ते पाच नागरिकांना बघायला खुल्या ठेवाव्यात, असा शासन निर्णय २०१८ मध्ये निघाला आहे. त्याचा आधार घ्या. तोंडी विचारून भागलं तर भागवा. नाही भागलं तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, तीस दिवस.

अर्ज रुग्णालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावे करा आणि लांबण लावू नका. मजकूर असा पुरे: 'रुग्ण कल्याण समितीच्या गेल्या चार सभांची इतिवृत्ते व सदस्यांची यादी, गेल्या बारा महिन्यांत पुढे पाठवलेल्या रुग्णांची महिनावार संख्या व कारणे, नावे वगळून, गेल्या वर्षभरात साठ्यात नसलेल्या अत्यावश्यक औषधांची यादी व कालावधी, शेवटचे दोन फॉर्म बी, आणि शेवटच्या गुणवत्ता तपासणीत आढळलेल्या त्रुटी व त्यांवर केलेली कार्यवाही, यांच्या प्रती मिळाव्यात.' खाली सही, तारीख, पत्ता. दोन प्रती न्या, दुसरीवर आवक क्रमांकाचा शिक्का मारून घ्या. खिडकीवरचा माणूस 'साहेब आल्यावर या' म्हणेल. साहेब येईपर्यंत तिथेच बसा.